कहाणी न मागता मदत

साशंक : लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला आधार द्यायचा तर तिची कहाणी समाजासमोर आली पाहिजे, कहाणीने लोकमत जागे होते, जागे झालेले लोकमत कायदा हलवते आणि तेच लोक मग वर्गणीही देतात, अशी एक साखळी हल्ली फारशी तपासून न पाहता गृहीत धरली जाते. या साखळीचा सगळा भार तिच्या पहिल्या कडीवर, म्हणजे त्या एका व्यक्तीच्या बोलण्यावर टाकलेला असतो, हे मात्र क्वचितच ध्यानात घेतले जाते. न्यायाच्या वाटेवर निघालेल्या स्त्रीला तोच प्रसंग मुळातच अनेकदा सांगावा लागतो : तक्रार नोंदवताना पोलिसांपुढे, तपासणीच्या वेळी डॉक्टरांपुढे, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांपुढे, जिथला जबाब जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलमावरून वर्षानुवर्षे ‘एकशे चौसष्टचा जबाब’ म्हणून ओळखला जाई आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली घेतला जातो, मग खटल्यात सरतपासणीला, म्हणजे सरकारी वकील साक्ष काढतो तेव्हा, आणि शेवटी उलटतपासणीला, जिथे बचावाचा वकील त्याच साक्षीतील प्रत्येक शब्द पलटून पाहतो. एवढ्यांदा सांगून झाल्यावर तिला व्यासपीठावर किंवा माहितीपटाच्या कॅमेऱ्यासमोर आणखी एकदा सांगायला लावणे याला आधार म्हणायचे असेल, तर तो आधार नेमका कोणाला मिळतो, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

पुरस्कर्ता : आक्षेपात वर्णिलेली वाट खरी आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. पोलीस ठाणे, तपासणीची खोली आणि साक्षीदाराचा पिंजरा या सर्व ठिकाणी ती बोलत असली तरी ती सांगत नसते. ती विचारलेल्याची उत्तरे देत असते. कोणत्या क्रमाने सांगायचे, कोठे थांबायचे, काय वगळायचे आणि कोणत्या शब्दांत, यांपैकी एकही गोष्ट तिच्या हातात नसते, कारण ऐकणाऱ्याला तिची कहाणी हवी नसते, त्याला त्याच्या कागदातील रकाने भरायचे असतात. स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या भाषेत केलेले कथन हे त्या सगळ्यांपेक्षा वेगळ्या जातीचे असते. सोहेला अब्दुलाली यांच्यावर १९८० मध्ये, त्या सतरा वर्षांच्या असताना, मुंबईत सामूहिक बलात्कार झाला; तीन वर्षांनी त्यांनी ‘मानुषी’ या नियतकालिकात स्वतःच्या नावाने त्यावर लेख लिहिला. त्या काळी भारतात असे लिहिणे ही जवळजवळ न ऐकलेली गोष्ट होती. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर तोच लेख पुन्हा हजारो लोकांच्या हाती पोहोचला, आणि जखम शरीराला झाली, अब्रूला नव्हे, हा विचार त्यांनी जानेवारी २०१३ मध्ये नव्याने मांडला. ‘अब्रू लुटली’, ‘इज्जत गेली’ अशी भाषा मराठी वृत्तपत्रांतून कित्येक दशके बिनदिक्कत छापली गेली. ती भाषा बदलण्याचे काम शासनाचे परिपत्रक करू शकले नसते, ते अशा कथनांनीच केले. ‘पीडिता’ या शब्दाच्या जोडीला कार्यकर्त्यांच्या तोंडी ‘सर्वायव्हर’ हा शब्द रुळला तोही याच मार्गाने. त्या शब्दाचा अर्थ केवळ वाचलेली असा नाही. घडलेल्या प्रसंगापलीकडे जिचे आयुष्य शिल्लक आहे आणि ते जिच्या ताब्यात आहे, ती.

साशंक : हे उदाहरण निवड करू शकणाऱ्या स्त्रीचे आहे. शिक्षण, इंग्रजी, पाठीशी उभे राहणारे वडील आणि परदेशी शिक्षणाची संधी हे सारे असताना केलेली निवड आणि यांपैकी काहीही नसताना झालेली ‘निवड’ यांना एकाच नावाने संबोधता येणार नाही. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. २६ मार्च १९७२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील, आताच्या गडचिरोलीतील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. वैद्यकीय पुराव्यानुसार तिचे वय चौदा ते सोळाच्या दरम्यान होते. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरवले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिने विरोध केला नव्हता, असा त्या तर्काचा गाभा होता. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, १९८० च्या महिला दिनी देशभर मोर्चे निघाले, मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि अखेर १९८३ मध्ये कायदा बदलला. या सगळ्या प्रवासात त्या मुलीचे नाव घोषणांत, मथळ्यांत आणि कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत गेले; तिला विचारून ते गेले, असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही.

(येथे एक खुलासा लेखकाकडूनच आवश्यक आहे. तो खटला आजही त्या मुलीच्या नावानेच ओळखला जातो आणि कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते नाव ठाऊक असते. ते येथे मुद्दाम घेतलेले नाही, कारण तिच्या खटल्यातून उभ्या राहिलेल्या त्याच १९८३ च्या दुरुस्तीने भारतीय दंडसंहितेत कलम २२८-अ घातले आणि अशा व्यक्तीची ओळख प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरवला. पुढच्या प्रत्येकीला जे संरक्षण मिळाले, ते जिच्यामुळे मिळाले तिला मात्र कधीच मिळाले नाही. ही गोष्ट या लेखातील वादाच्या केंद्रापासून फार दूर नाही.)

पुरस्कर्ता : तिचे नाव न विचारता वापरले गेले, हे मान्य केलेच पाहिजे, आणि त्या चळवळीतील अनेकींनीही पुढे ते मनाशी मान्य केले असेल. पण एक अवघड प्रश्न मागे उरतो : ते खुले पत्र लिहिले गेले नसते, तर काय झाले असते? जखमांचे व्रण नाहीत म्हणून संमती होती, हा तर्क देशभरच्या न्यायालयांत नजीर म्हणून फिरत राहिला असता. ‘जनवकिली’ हा शब्द या क्षेत्रात वापरला जातो तो याच अर्थाने : एका व्यक्तीच्या बाजूने न्यायालयात भांडणे ही वकिली, आणि त्या व्यक्तीसारख्या सर्वांच्या बाजूने कायदा, धोरण आणि सार्वजनिक समज बदलण्यासाठी भांडणे ही जनवकिली. पहिलीत अशील समोर असते. दुसरीत ते विखुरलेले असते, बहुतेकदा अनोळखी असते, कधीकधी अजून जन्मालाही आलेले नसते. म्हणूनच जनवकिलीला एक ठोस कहाणी लागते, नाहीतर तिला बोट ठेवायला जागाच सापडत नाही. राजस्थानातील भटेरीच्या भंवरी देवी या शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ होत्या, म्हणजे गावपातळीवर काम करणाऱ्या. बालविवाह रोखण्याच्या कामामुळे १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला आणि १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून मुक्त केले. त्या गप्प बसल्या नाहीत. उघडपणे बोलत राहिल्या. त्या घटनेच्या पार्श्वभूमीवर महिला संघटनांनी केलेल्या याचिकेतून १९९७ चा विशाखा निकाल आला, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाला प्रथमच नाव आणि चौकट मिळाली आणि २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला. आज पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत ज्या अंतर्गत तक्रार समित्या बसतात, त्यांच्या मुळाशी एका कुंभार बाईचे न थांबलेले बोलणे आहे.

साशंक : आणि तिला स्वतःला काय मिळाले? निकालात तिच्या आरोपींना शिक्षा नव्हती. ती याचिका तिच्या खटल्याची नव्हतीच. देसाईगंजच्या मुलीचेही तेच झाले : फेरविचाराची मागणी फेटाळली गेली आणि नवा कायदा मागे जाऊन लागू होत नाही. दोघींच्या कहाण्यांतून जे पीक आले ते इतरांनी कापले. इतरांना त्याचा लाभ झाला याबद्दल तक्रार नाही. परंतु ‘तिला आधार देण्यासाठी’ असे म्हणत कहाणी मागितली जाते आणि प्रत्यक्षात तिच्यामार्फत इतरांना आधार दिला जातो, तेव्हा निदान हे दोन हेतू वेगळे आहेत, असे तिला स्पष्टपणे सांगण्याचा प्रामाणिकपणा असायला हवा.

पुरस्कर्ता : ही मागणी रास्त आहे आणि ती स्वीकारायला हवी.

साशंक : मग पुढच्या मागणीकडे वळता येईल, कारण पैशाचा प्रश्न कथेच्या प्रश्नाहून अधिक अवघड आहे. देणगी कशी दिली जाते, याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी ‘ओळखता येणाऱ्या पीडिताचा परिणाम’ नावाची एक प्रवृत्ती नोंदवली आहे : लाखोंचे दुःख आकड्यांत सांगितले तर हात आखडतो, एकाच व्यक्तीचा चेहरा दाखवला तर सैल सुटतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्मॉल, लोवेनस्टाइन आणि स्लोविक यांच्या प्रयोगात आफ्रिकेतील उपासमारीचे आकडे वाचलेल्यांपेक्षा एका सात वर्षांच्या मुलीची माहिती वाचलेल्यांनी सरासरी दुपटीच्या आसपास पैसे दिले; त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की मुलीच्या माहितीसोबत आकडेही दिले तेव्हा देणगी पुन्हा घटली. निधी गोळा करणाऱ्याला यातून मिळणारा धडा उघड आहे : एकच चेहरा निवडावा आणि बाकीचे झाकून ठेवावे. पण निवडावा तो कोणता? अनोळखी गुंड, अंधारी रात्र, अंगभर जखमा आणि निष्कलंक पूर्वायुष्य, अशा कहाणीला वर्गणी मिळते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालांत वर्षानुवर्षे दिसते ते असे, की नोंदवलेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो : शेजारी, नातेवाईक, मालक, लग्नाचे वचन दिलेला. चुलत्याने केलेल्या अत्याचाराची कहाणी ऐकून घरोघरच्या चुलत्यांकडून वर्गणी कशी मागायची? ज्या कहाणीने समाज हळहळतो ती बहुधा अपवादाची असते, आणि जी नेहमीची असते तिच्याने तो अस्वस्थ होऊन दार लावून घेतो. अशा रीतीने कहाणीवर उभा केलेला निधी गरजेप्रमाणे वाटला न जाता ऐकणाऱ्यांच्या सोयीप्रमाणे वाटला जातो.

पुरस्कर्ता : या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही, पण निधीच नको असे त्यातून निघत असेल तर ते मान्य करणे धोक्याचे आहे, आणि ते का, हे शासनाचा पैसा कोठपर्यंत पोहोचतो ते पाहिल्यावर कळते. केंद्राने २०१३ च्या अर्थसंकल्पात १००० कोटींचा निर्भया निधी जाहीर केला, आणि तो पुढे अनेक वर्षे पुरता खर्चच झाला नाही म्हणून टीकेचा विषय झाला. महाराष्ट्राने २ ऑक्टोबर २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजना आणली. २०१७ च्या सुधारणेनंतर काही प्रकरणांत तिच्याखाली १० लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकते आणि त्यातील मोठा भाग मुदत ठेवीत ठेवला जातो. २०१५ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत ‘सखी’ वन स्टॉप सेंटर सुरू झाली, जिथे वैद्यकीय मदत, समुपदेशन, कायदेशीर सल्ला आणि काही दिवसांचा निवारा एका छताखाली मिळावा अशी कल्पना आहे. या सर्व गोष्टी मोलाच्या आहेत आणि त्या मिळवायलाही मोठी जनवकिली करावी लागली. पण भरपाईचा शासकीय रुपया गुन्हा नोंदवल्याच्या कागदामागून चालतो. जिने तक्रार केली नाही, तिला तो मिळत नाही. जिच्यावर अत्याचार करणारा तिचा नवराच आहे, तिच्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधील अपवादाने बलात्काराचा गुन्हाच शिल्लक ठेवलेला नाही. दिल्लीच्या घटनेनंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये, ऐंशी हजारांच्या आसपास सूचना विचारात घेऊन अवघ्या एका महिन्यात जो अहवाल दिला, त्यात हा अपवाद काढून टाका असे सांगितले होते, तरीही तो टिकला. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली तिला काही दिवाणी संरक्षण मागता येते, एवढेच. प्रौढ पुरुषावर पुरुषाने बळजबरी केली तर ज्याखाली पूर्वी गुन्हा दाखल होई ते जुन्या दंडसंहितेचे कलम ३७७ नव्या संहितेत उरलेलेच नाही. तृतीयपंथी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला २०१९ च्या कायद्यात जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा आहे. शासनाच्या यादीत या सर्वांना जागा नाही किंवा नावापुरती आहे. त्यांच्यापर्यंत पोहोचू शकणारा पैसा एकच, ज्याला एफआयआरची प्रत लागत नाही असा, म्हणजे लोकांनी लोकांसाठी जमवलेला.

आणि तो लागतो तरी कशाला? तारखेला तालुक्याच्या गावी जाण्याच्या एसटी भाड्याला, त्या दिवशी बुडालेल्या रोजंदारीला, राहते घर सोडावे लागले तर खोलीच्या अनामतीला, नव्या सिमकार्डाला, मुलाची शाळा बदलण्याला, आणि जिचा पगार कोणत्याही देणगीदाराला आकर्षक वाटत नाही त्या समुपदेशिकेच्या पगाराला. खटले पडतात त्यामागे फितूर साक्षीदार असतात तसा हा किरकोळ खर्चही असतो. दहाव्या तारखेला जी येत नाही, तिने माघार घेतली असे समजले जाते, प्रत्यक्षात तिच्याकडे भाड्याचे पैसे नसतात.

साशंक : या शेवटच्या परिच्छेदाशी वाद नाही, उलट, त्यात मोजलेल्या खर्चांपैकी एकासाठीही कोणाची कहाणी लागत नाही, हे त्यातूनच सिद्ध होते. एसटीचे भाडे हे एसटीचे भाडे म्हणूनच मागता येते. पण व्यवहारात ते तसे मागितले जात नाही, ते कहाणीच्या पाठीवर बसवून मागितले जाते, आणि तिथे एक असा धोका उद्भवतो ज्याकडे सद्भावनेने काम करणारेही दुर्लक्ष करतात. साक्षीदाराने पूर्वी केलेले कथन आणि न्यायालयातील कथन यांतील विसंगती दाखवणे हे उलटतपासणीचे जुने आणि कायदेशीर हत्यार आहे. सभेत सांगितलेली, ध्वनिमुद्रित झालेली, निधीच्या आवाहनासाठी कोणा लेखकाने थोडी घासूनपुसून दिलेली कहाणी उद्या बचावाच्या वकिलाच्या हाती लागते : इथे दोन जण होते म्हणालात, तिथे तीन, इथे संध्याकाळ, तिथे रात्र. आघात झालेल्या माणसाची आठवण सरळ रेषेत चालत नाही, हे मानसशास्त्राला माहीत असले तरी साक्षीच्या पिंजऱ्यात ते दरवेळी उपयोगी पडत नाही. त्यातच तिच्या नावाने पाच लाख जमले असतील, तर प्रश्न असा येतो, की तक्रारीतून आपल्याला किती रक्कम मिळाली? ज्या वर्गणीने तिला बळ द्यायचे होते तीच तिच्या हेतूविरुद्धचा पुरावा म्हणून उभी केली जाते. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन आहे. मन मोकळे करण्यासाठी म्हणून भरवलेल्या वर्तुळात एखादी पंधरा वर्षांची मुलगी बोलली, तर त्या क्षणापासून ते वर्तुळ तिचे राहत नाही.

या भूमीत मदतीची दुसरी रीत होती, आणि ती विस्मरणात जाणे हे मोठे नुकसान आहे. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. घरातल्याच कोणाच्या बळजबरीतून वा फसवणुकीतून गरोदर राहिलेल्या विधवांनी तिथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी ती व्यवस्था होती आणि तसे फलक लावून तिची जाहिरात केली होती. जाहिरात जागेची होती. येणारीला कोण, कोणाकडून, कसे, हे विचारले जाणार नाही, हेच त्या गृहाचे मुख्य आश्वासन होते. तिच्या गप्प राहण्याचा हक्क हा तिथे मदतीचा पाया होता. एकशे साठ वर्षांनंतर आपण ‘बोलती हो’ असे म्हणत असू, तर आपण पुढे गेलो की मागे आलो?

पुरस्कर्ता : फुल्यांचे उदाहरण अर्धेच सांगितले गेले. ते गृह ज्या घटनेने उभे राहिले, ती एका ब्राह्मण विधवेची कहाणी जोतीरावांनी मिटून ठेवली नाही. बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर जी टिपणे काढली, त्यांवर १८८४ मध्ये सरकारला दिलेल्या अभिप्रायात त्यांनी ती मांडली : कोणी एका शास्त्र्याने तिला फसवले, नवजात मुलाची हत्या तिच्या हातून झाली आणि शिक्षा काळ्या पाण्याची झाली, तीही तिला एकटीला. म्हणजे ज्या माणसाच्या घराच्या दाराशी गुप्ततेची हमी होती, त्याच माणसाने धोरण बदलण्यासाठी सरकारच्या दाराशी कहाणीच नेली. यात विसंगती नाही. आलेलीला काही विचारायचे नाही आणि सत्तेला काही सांगितल्याशिवाय राहायचे नाही, या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच वेळी करता आल्या.

पंडिता रमाबाईंचा मार्ग आणखी वेगळा होता. १८८७ मध्ये अमेरिकेत त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली, त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनला त्यांच्या मदतीसाठी संघटना स्थापन होऊन तिने दहा वर्षांच्या साहाय्याचे वचन दिले आणि १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. कथन, जनवकिली आणि निधी ही तिन्ही सूत्रे एका मराठी बाईच्या हातात एकत्र आल्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडत नाही.

साशंक : आणि त्याच उदाहरणात त्याची किंमतही आहे. पैसा ज्यांच्याकडून आला त्यांच्या श्रद्धेचा संशय सदनावर पडला, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. संशय योग्य होता की नव्हता, हा वेगळा वाद आहे. ज्यांना कहाणी सांगितली ते हजारो मैलांवर होते आणि ज्यांच्यामध्ये त्या मुलींना जगायचे होते ते त्या व्यवहारात कोठेच नव्हते, एवढे त्यातून दिसते. ज्या वस्तीत ती राहते त्या वस्तीने काही न देता दूरच्यांनी सर्व काही दिले, तर तिला पैसा मिळतो, शेजार मिळत नाही.

पुरस्कर्ता : तर मग शेजारच उभा करावा लागेल, आणि त्याची रीतही येथलीच आहे. मुष्टिफंड ही कल्पना मराठी वाचकाला समजावून सांगावी लागू नये : रोज दळणाच्या वेळी मूठभर धान्य वेगळे काढायचे आणि आठवड्याला ते संस्थेला द्यायचे. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतील मुले अशा मुठींवर जेवली. देणाऱ्या बाईला कोणत्या मुलाच्या ताटात आपली मूठ पडली, त्याचे आईबाप कसे वारले, हे कधी कळले नाही आणि तिने ते विचारलेही नाही. मुलांना जेवण लागते एवढे तिला पुरेसे होते. अत्याचार सोसलेल्यांसाठीचा लोकनिधी असाच असावा. बचत गटांनी महिन्याला दहा-दहा रुपये बाजूला टाकावेत, ते एखाद्या विश्वासू संस्थेकडे जावेत, आणि त्यातून भाडे, रोजंदारी, अनामत भागावी. कथनही राहील, पण निधीशी बांधलेले नसेल. त्याचेही एक प्रारूप आहे. ईव्ह एन्सलर यांनी दोनशेहून अधिक स्त्रियांशी बोलून जे नाटक रचले, त्याचे प्रयोग १९९८ पासून ‘व्ही-डे’ या मोहिमेखाली स्थानिक संस्थांच्या मदतीसाठी होऊ लागले, आणि वंदना खरे यांनी ते ‘योनीच्या मनीच्या गुजगोष्टी’ या नावाने मराठी रंगभूमीवर आणले. तिथे बोलते ती नटी. जिच्यावरून ते शब्द आले ती प्रेक्षकांत बसलेली असू शकते किंवा घरी झोपलेली. तिकिटाचे पैसे देणाऱ्याला तिचा चेहरा मिळत नाही.

साशंक : नटीच्या तोंडची कहाणी सुरक्षित खरी, पण कोणाची कहाणी खोडायची आणि कोणाची ठेवायची, हे दोनशेजणींपैकी कोणी ठरवले? संमती एकदा दिली की ती कायमची, असा आपला समज असतो. नादिया मुराद यांना उत्तर इराकमधील यझिदी स्त्रियांवरील अत्याचार जगाला कळावा म्हणून तीच आपबीती पत्रकारांना, राजनयिकांना, न्यायाधीशांना वर्षानुवर्षे सांगावी लागली. २०१८ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाल्यावर काही वर्षांनी, २०२२ मध्ये, त्यांच्या नावाने जी आचारसंहिता तयार झाली तिच्यात विचारणाऱ्याला सर्वांत आधी हे तपासायला सांगितले आहे, की ही माहिती याच व्यक्तीकडून, पुन्हा एकदा, घेण्याची खरोखर गरज आहे का. ज्यांनी सांगून जग हलवले त्यांच्याकडून आलेली ही सूचना आहे, म्हणून तिला वजन आहे. कोलकात्याच्या सुझेट जॉर्डन यांनी २०१३ मध्ये स्वतःचे नाव उघड केले, कारण घटनास्थळाच्या नावाने ओळखले जाणे त्यांना नकोसे झाले होते. तो त्यांचा हक्क होता आणि कायदाही प्रौढ व्यक्तीला लेखी संमतीने तो देतो. परंतु नाव परत झाकण्याची सोय ना कायद्यात आहे ना लोकांच्या आठवणीत.

पुरस्कर्ता : म्हणूनच संमती ही एकदा केलेली सही न राहता दरवेळी नव्याने विचारायची गोष्ट असावी, आणि परत घेण्याची मुभा ही तिची पहिली अट असावी. पण येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे : सगळ्याजणी झाकून राहिल्या, सगळा निधी मुष्टिफंडासारखा निनावी झाला, तर काही काळाने मुठी आटतील. धान्य देणाऱ्या बाईला वसतिगृह दिसत होते, मुले रांगेने शाळेत जाताना दिसत होती. या निधीचे फळ कोणालाच दिसणार नाही.

साशंक : आणि केवळ फळच नव्हे, हिशेबही. सार्वजनिक न्यास म्हटला, की लेखापरीक्षण आले, धर्मादाय आयुक्तांकडे विवरण आले, आणि गावपातळीवर तर त्याहून कडक परीक्षक असतात : दहा रुपये देणारी प्रत्येक बाई. पैसे कोणाला दिले, हे तिने विचारले तर ते तिचे चुकत नाही. निनावी खर्चाच्या आडून अनेक संस्थांत काय होते, ते सर्वांना माहीत आहे. पण चार हजार रुपये खोलीच्या अनामतीसाठी गेले, एवढे सांगितले तरी पुरे होते, कारण गेल्या महिन्यात गावातून खोली सोडून गेलेली एकच असते. शहरात गर्दीची आड मिळते, चारशे उंबऱ्यांच्या गावात आकडासुद्धा नाव सांगतो. विश्वास हवा तर हिशेब उघडा पाहिजे, तिचे रक्षण हवे तर हिशेब झाकलेला पाहिजे. त्यातच ज्याच्याकडे गावातील निधीच्या वह्या विश्वासाने सोपवल्या जातात तो बहुधा कोणाचा तरी काका, दीर, सरपंच किंवा मास्तर असतो, आणि आरोपी ओळखीचा असण्याचे ते नव्वद टक्के इथेही लागू आहेत.

पुरस्कर्ता : मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून हिंसाचार सोसलेल्या स्त्रियांसाठी ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले, ते रुग्णालयातच ठेवण्याचे एक कारण हेच, की रुग्णालयाच्या दारातून आत जाणारी बाई कशासाठी चालली आहे हे पाहणाऱ्याला कळत नाही. गावात तसे दार अंगणवाडीचे असू शकते, बँकेचे असू शकते, उपकेंद्राचे असू शकते. वही तीन तालुक्यांची मिळून एक ठेवता येईल, म्हणजे एका गावची अनामत साठ गावांच्या बेरजेत विरघळेल. नावाऐवजी क्रमांक लिहिता येईल, क्रमांक आणि नाव जोडणारा कागद दुसऱ्या जागी, दुसऱ्या बाईकडे राहील, आणि हिशेब तपासणारी बाहेरच्या जिल्ह्यातून येईल.

साशंक : साठ गावांची वही झाली, की ती शेजाऱ्याची राहत नाही, पुन्हा बोस्टनचेच अंतर पडते, फक्त मैल कमी होतात. आणि तो दुसरा कागद ज्या बाईकडे राहील, तिला उद्या न्यायालयाने साक्षीला बोलावले, तर तिने काय करावे?

पुरस्कर्ता : ते तिने ठरवण्याआधी तो क्रमांक जिचा आहे तिला विचारावे लागेल, आणि निधी सुरू करण्याच्या पहिल्या बैठकीत, कोणाचीही कहाणी कानावर येण्यापूर्वी, हे उत्तर लिहून ठेवावे लागेल.

साशंक : त्या बैठकीत ती हजर असेल, कोणाला न कळता. तेव्हा ते उत्तर तिच्यासमोरच लिहिले जाईल, आणि ते चुकले तर ती उठून काही म्हणू शकणार नाही.